भरल्या घरातील सामायिक
(कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचे जीवन)

चातुर्मासात प्रवचन ऐकून घरी परतणाऱ्या गृहिणीच्या मनात एक शल्य नेहमी असते. व्याख्यानात लाभलेली शांती घराचा उंबरठा ओलांडताच कुठे हरवते ते कळत नाही. एका मुलाचा डबा, दुसऱ्याची न सापडणारी वही, सासूबाईंचे औषध, उतू जाणारे दूध, दुकानातून आलेला निरोप आणि दाराशी उभा असलेला पाहुणा या साऱ्यांत अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक घड्याळाकडे पाहतच पार पाडावी लागते. पुरुषांचीही स्थिती वेगळी नाही. हंगामात कापसाच्या व धान्याच्या व्यवहारात गुंतलेल्या श्रावकाला प्रतिक्रमणाची वेळ साधतेच असे नाही. मग हळूहळू असे वाटू लागते की धर्म साधु-साध्वींच्या वाट्याचा आणि आपल्या वाट्याला आली ती केवळ संसाराची धावपळ.

आपल्या शास्त्रकारांनी असे कोठेही म्हटलेले नाही. त्यांनी अनगार धर्म सांगितला तसा सागार धर्मही सांगितला. घरात राहणाऱ्यासाठी बारा व्रते घालून दिली. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. शेती, गुरेढोरे, व्यापार, मोठे कुटुंब असा अफाट पसारा असलेल्या या गृहस्थाला अवधिज्ञान झाले आणि ते मान्य करण्यास कचरलेल्या साक्षात गौतमस्वामींना भगवान महावीरांच्या आज्ञेवरून त्या श्रावकाची क्षमा मागावी लागली. गणधराने गृहस्थापुढे क्षमायाचना करावी, हा प्रसंग ज्या आगमात येतो, त्या आगमाचे वारसदार संसाराला केवळ ओझे कसे म्हणतील?

ही कथा अडीच हजार वर्षांपूर्वीची. परंतु गेल्या शतकात आपल्याच महाराष्ट्रात, जैन कुळातच जन्मलेल्या एका पुरुषाने व त्याच्या पत्नीने घरातील गोंगाट कमी न करता तो शतपटीने वाढविला आणि त्या गोंगाटातच आपली श्रद्धा शोधली. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव शिक्षणमहर्षी म्हणून सर्वांना परिचित आहे. ते जन्माने दिगंबर जैन होते, ही गोष्ट मात्र आपल्या विदर्भातील पुष्कळ बांधवांना ठाऊक नसते. आपल्याकडे जैन म्हटले की व्यापारी पेढी डोळ्यांसमोर येते. दक्षिण महाराष्ट्रात मात्र जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी आहे. नांगर धरणारा, गावची पाटीलकी सांभाळणारा. भाऊराव त्या समाजातले.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. ज्या कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगराच्या यात्रेला आपल्यापैकी अनेक जण जाऊन आले असतील, तेच हे गाव. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. आपल्या शेजारच्या कारंजा (लाड) येथे १९१८ साली ज्यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल स्थापन केले, त्याच समंतभद्र महाराजांनी पुढे १९३४ मध्ये कुंभोजच्या बाहुबलीलाही गुरुकुल उभारले. म्हणजे भाऊरावांची जन्मभूमी आणि आपला वऱ्हाड हे विद्यादानाच्या एका धाग्याने पूर्वीच जोडलेले आहेत.

घराण्याचे मूळ कर्नाटकातील मूडबिद्रीकडे असल्याचे सांगतात. पुढे ते सांगली भागातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते, आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे बिऱ्हाड सतत हलत राहिले. आज या गावी, उद्या त्या गावी. भांडीकुंडी बांधायची आणि सोडायची. अशा घरातील मुलाला ज्ञातीबाहेरचे सोबती लवकर मिळतात. भाऊरावांनाही ते मिळाले. शरीराने दणकट, कुस्तीचा नाद, स्वभाव तापट आणि अन्याय दिसला की मागचा-पुढचा विचार न करणारा. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. आईवडिलांना असा मुलगा म्हणजे रोजची डोकेदुखी. गंगाबाईंच्या दाराशी किती तक्रारी आल्या असतील याची कल्पना प्रत्येक आईला करता येईल.

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. या पुढचा प्रसंग आपल्या समाजाच्या स्मरणिकेत सांगताना संकोच वाटावा असा आहे, पण तो टाळणे बरे नव्हे. १९०८ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. बोर्डिंगात परतल्यावर त्यांना सांगण्यात आले की, भोजनगृहात येण्यापूर्वी स्नान करावे लागेल. भाऊरावांनी नकार दिला. शिक्षा झाली, तरी नकार कायम राहिला आणि अखेर त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचे अधीक्षक होते आण्णासाहेब लठ्ठे, समाजातील एक विद्वान व आदरणीय गृहस्थ. जीवमात्राविषयी करुणा शिकविणाऱ्या धर्माच्या वसतिगृहातून एक मुलगा माणसाला स्पर्श केल्यामुळे बाहेर पडला. शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला.

या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. १९१४ साली कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गुंतविण्यासाठी भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आला. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून घालविले, त्याच्यावर सूड उगविण्याची संधी अशी आयती चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला, अमानुष छळ सोसला, छळ असह्य होऊन जीव देण्याचाही प्रयत्न केला; पण असत्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. अखेर ते सुटले. दुसरे अणुव्रत सत्याचे. ते घेणारे आपण पुष्कळ जण आहोत. शत्रुवत वागलेल्या माणसासाठी ते पाळून दाखविणारा हा एक.

या वेळेपर्यंत भाऊराव संसारी झालेले होते. पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्याच, सधन पाटील घराण्यातील. सोवळे-ओवळे कडक, पाणी गाळूनच प्यायचे, दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकायचे, अशा वातावरणात त्या वाढलेल्या. माहेरहून भरपूर सोने घेऊन आलेल्या. जावई मात्र मॅट्रिकही न झालेला, नोकरीचा ठिकाणा नसलेला आणि डोक्यात नाना विचार असलेला! साताऱ्यात भाऊरावांनी खासगी शिकवण्या केल्या, त्यामुळे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्यात दुधगावच्या विद्यार्थी आश्रमाच्या कामात ओढले गेले. मग हा तुरुंग. नव्या सुनेने यातून काय पाहिले असेल? पती घरी आहे की बाहेर, उद्या पगार येईल की नाही, दाराशी पोलीस उभा राहील की काय. आजच्या भाषेत ज्याला आपण ताण म्हणतो, तो त्या घरात भरपूर होता.

पुढे भाऊराव ओगले यांच्या काचकारखान्याचे आणि नंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. हे काम त्यांना मानवले. गावोगाव हिंडावे, शेतकऱ्याच्या बांधावर बसावे, नांगर चालवून दाखवावा, रात्री त्याच्याच ओसरीवर पाठ टेकावी. कमाईही चांगली होती. याच फिरतीत त्यांना दिसले की, शेतकऱ्याच्या घरात नांगर नवा आला तरी त्याची पावती वाचणारे कोणी नाही. बुद्धिमान मुले गुरांमागे हिंडत आहेत. कारण गावात शाळा नाही आणि शहरात शाळा आहे तर तेथे राहायला छप्पर नाही, जेवायला ताट नाही. अडचण पुस्तकाच्या आधी भाकरीची होती. ही गोष्ट मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांच्या ध्यानात आली नव्हती. दारोदार नांगर विकणाऱ्या माणसाच्या ध्यानात आली, कारण तो लोकांच्या चुलीपर्यंत जात होता.

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एका पंगतीला जेवावे आणि शिकावे, ही मूळ कल्पना. घरोघरच्या मायबहिणींनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते मुलांच्या पोटात जावे, अशी मुष्टिफंडाची योजना भाऊरावांनी राबविली. रोजच्या दळणातली एक मूठ कोणालाही जड होत नाही आणि देणाऱ्या घराला त्या मुलांचा विसरही पडत नाही. दानशूराच्या एका मोठ्या देणगीपेक्षा शंभर घरांची रोजची एक मूठ त्यांना अधिक भरवशाची वाटली असावी. आमच्या मते यात त्यांचे व्यवहारज्ञान आणि त्यांची श्रद्धा दोन्ही एकत्र दिसतात.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. आणि येथून भाऊराव-लक्ष्मीबाईंच्या घराची खरी कहाणी सुरू होते.

मोजक्या मुलांनिशी, आपल्याच संसाराच्या आधाराने भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह चालू केले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी निरनिराळ्या जातींची मुले आली. त्या काळी एका विहिरीवर यांची सावली एकमेकांवर पडलेली चालत नसे. येथे ती एका चुलीवरचे अन्न खाऊ लागली. भाषणात हे सांगणे सोपे आहे. घरात ते घडविणे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येक गृहिणीने करून पाहावा. खेड्यातून आलेली ही मुले लहान होती. कुणाला खरूज झालेली, कुणाच्या डोक्यात उवा, कुणी रात्री आईच्या आठवणीने रडणारे, कुणी भांडकुदळ, कुणाला ताप भरलेला. पोटची मुले होतीच. लक्ष्मीबाईंनी या सर्वांना आंघोळी घातल्या, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री जागून काढल्या, भाकरी थापल्या. सोवळ्यात वाढलेली ती पाटलाची लेक ज्या दिवशी प्रथम एका अस्पृश्य मुलाला न्हाऊ घालण्यास बसली, त्या दिवशी तिच्या मनात काय चालले असेल ते कोणी लिहून ठेवलेले नाही. तिने ते केले, एवढे खरे. पतीने सांगितले म्हणून पहिल्या दिवशी केले असेलही. पण वर्षानुवर्षे कुणी केवळ सांगितले म्हणून करीत नाही. ते मूल आपले वाटावे लागते.

आणि हे मूल आपले वाटले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. आपल्या घरात चार मुले एका वेळी ओरडत असली तर आपण त्रासतो, पण एक गप्प बसला तर त्याच्या कपाळाला हात लावून पाहतो. घराचा गोंगाट ही घर निरोगी असल्याची खूण आहे हे आईला कोणी शिकवावे लागत नाही. लक्ष्मीबाईंच्या घरी ही खूण फार मोठ्या आवाजात उमटत होती, इतकेच.

मुले नुसती खाणारी नव्हती. पाणी भरणे, सरपण आणणे, भाजी लावणे, दळणकांडण, स्वयंपाक ही सारी कामे ती स्वतः करीत. भाऊरावांचा कटाक्ष होता की, फुकटचे शिक्षण माणसाला लाचार बनविते. श्रम करून शिकलेल्याची मान ताठ राहते. पुढे कमवा आणि शिका या नावाने जी योजना महाराष्ट्रभर गाजली आणि आज अनेक विद्यापीठांत चालते, तिचे मूळ या घराच्या परसात आहे. आज आपण मुलांना अभ्यासाच्या नावाखाली ताट उचलण्याचेही काम सांगत नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. कुटुंबातील धांदल एकट्या गृहिणीची राहते ती यामुळेच.

भाऊरावांची शिस्त कडक होती, आवाज मोठा होता, राग तर प्रसिद्धच होता. मुले त्यांना वचकून असत. पण रागावलेल्या भाऊरावांपासून पळून मुले जिथे जात, ती जागाही त्याच घरात होती. बाप तापट आणि आई शीतल, ही घराघरातील जुनी विभागणी येथेही होती आणि तिच्यावरच ते मोठे घर तोलून धरले गेले होते.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचा नामकरण समारंभ झाला. छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. ज्या राजाने बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या मुलाला आसरा दिला होता, त्याचे नाव त्या मुलाने आपल्या घराला दिले. पुढे धनिणीची बाग हे या वसतिगृहाचे साताऱ्यातील ठिकाण म्हणून महाराष्ट्रात ओळखले जाऊ लागले. मुलांची संख्या वाढत गेली. संख्या वाढली तसा खर्च वाढला आणि भाऊराव देणग्यांसाठी अधिकाधिक दिवस बाहेर राहू लागले. दरम्यान, साताऱ्यातील कूपर यांच्या नांगर कारखान्याशी असलेला त्यांचा संबंध शिक्षणासाठी द्यावयाच्या रकमेच्या प्रश्नावरून तुटला होता, त्यामुळे घरात नियमित येणारा पैसाही थांबला होता.

मग लक्ष्मीबाईंच्या पेटीतले सोने बाहेर निघू लागले. एक दागिना गेला, महिना निघाला. दुसरा गेला, आणखी थोडे दिवस निघाले. शंभर तोळ्यांच्या घरातले ते सोने अशा रीतीने तुकड्यातुकड्याने ज्वारीत रूपांतरित झाले. शेवटी एक दिवस असा आला की भाऊराव दौऱ्यावर आहेत, कोठीत धान्य नाही आणि मुले जेवणाची वाट पाहत आहेत. अंगावर उरले होते ते फक्त मंगळसूत्र. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिले. त्यातून धान्य आले, चूल पेटली, मुले जेवली.

हा प्रसंग भाषणांत नेहमी येतो आणि तो ऐकताना सभागृहात डोळे ओलावतात. तरी त्याच्याकडे केवळ त्यागाची पराकाष्ठा म्हणून पाहिले जाते, हे पुरेसे वाटत नाही. स्वतःच्या पोटची मुले उपाशी असताना आईने दागिना मोडला, तर आपण तिला त्यागमूर्ती म्हणत नाही. ते आपल्याला स्वाभाविक वाटते. लक्ष्मीबाईंनी नेमके तेच केले. त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी परक्यांसाठी काही द्यावयाचे नव्हते. आपल्या घरात आपली मुले उपाशी होती. श्रावकाच्या बारा व्रतांतील अखेरचे व्रत अतिथिसंविभागाचे आहे. आपण जेवण्यापूर्वी अन्नाचा वाटा पात्र अतिथीसाठी राखून ठेवावा, असे ते सांगते. शास्त्रकारांच्या मनात तेथे प्रामुख्याने मुनी-आर्यिका आहेत. या गृहिणीने भुकेल्या मुलाला तो मान दिला. पंडितांनी याची चिकित्सा अवश्य करावी. आम्हांस मात्र ते व्रत तिच्या स्वयंपाकघरात पुरते पाळले गेले असे वाटते.

सौभाग्यलेणे उतरविणे हे त्या काळच्या स्त्रीला किती कठीण होते, हे वेगळे सांगावयास नको. लोकापवादाची भीती होती, अशुभाची धास्ती होती. येथे श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांची वाट वेगळी होते. काळ्या मण्यांत पतीचे आयुष्य आहे असे मानणे निराळे आणि पतीचे ज्या कामात चित्त आहे ते काम थांबू न देणे निराळे. लक्ष्मीबाईंनी दुसरी वाट धरली.

मात्र एक गोष्ट मोकळेपणाने म्हटली पाहिजे. थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यागाचा हिशेब पुष्कळदा पत्नीच्या नावावर पडतो आणि कीर्तीचा पतीच्या. भाऊराव गावोगाव फिरले, सभा गाजविल्या, राजे-महाराजांना भेटले. त्या काळात रोज सकाळी किती भाकरी लागतील याचा हिशेब एका बाईच्या डोक्यात होता. भाऊरावांना याची जाणीव होती, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. पण ती जाणीव झाली म्हणून लक्ष्मीबाईंचे श्रम कमी झाले नाहीत. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊराव तेव्हा अवघे ४२ वर्षांचे होते. महाराष्ट्र लक्ष्मीबाईंना रयतमाउली म्हणून ओळखतो. या नावात भाऊरावांचा उल्लेख नाही, हे योग्यच झाले.

पत्नीच्या मागे भाऊराव २९ वर्षे जगले. त्या काळातील कामाचा पसारा एवढा मोठा आहे की, येथे केवळ ओझरता उल्लेख करता येईल. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय निघाले. त्यानंतर डोंगरकपारीतील खेड्यांतून स्वयंसेवी शाळांचे जाळे पसरले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आले, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. महाविद्यालयाला एका खराटेधारी निरक्षर संताचे नाव देणे हे भाऊरावांनाच सुचावे. १९४८ मध्ये सरकारशी खटका उडून संस्थेचे अनुदान बंद पडले, तेव्हा पुन्हा लोकांनीच संस्था सावरली. काही काळाने अनुदान पूर्ववत झाले.

या सर्व वर्षांत घराची रीत सुटली नाही. वसतिगृहातील हुशार मुलांना पुढे पाठविण्यासाठी भाऊराव असे झटत की जणू स्वतःच्या मुलाचीच फी भरायची आहे. पी. जी. पाटील हा खेड्यातून आलेला विद्यार्थी त्यांच्या प्रयत्नांमुळे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन संस्थेतच राबला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अशा वेषात भाऊराव कोणत्याही वसतिगृहात अवचित येत. आले की प्रथम कोठीघरात डोकावत, मुले काय जेवली ते विचारत. परीक्षेच्या निकालाची चौकशी त्यानंतर.

सुशिक्षितांची एक शंका असते. इतक्या मुलांच्या गर्दीत राहणाऱ्या माणसाला धर्मचिंतनाला वेळ कधी मिळत असेल? भाऊराव सत्यशोधक चळवळीतून घडले होते आणि कर्मकांडाविषयी त्यांना फारसे प्रेम नव्हते, हे खरे आहे. मंदिरातील त्यांच्या उपस्थितीवरून त्यांची धार्मिकता मोजू गेल्यास हाती थोडेच लागेल. परंतु आपल्या परंपरेने गृहस्थाला आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. उपाशी मुलाला भाकरी, आजारी मुलाची शुश्रूषा, निरक्षराला विद्या आणि गावकुसाबाहेरच्या लेकराला निर्भय आसरा ही चारही दाने त्या एका घराच्या छपराखाली रोज, न चुकता होत होती. त्यासाठी वेगळा मुहूर्त काढावा लागला नाही. सामायिक म्हणजे समभावाची प्राप्ती. ती अठ्ठेचाळीस मिनिटे आसनावर बसून साधावी हे आपले व्रत आहेच आणि ते सोडावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु महाराच्या मुलाच्या ताटात आणि स्वतःच्या मुलाच्या ताटात सारखीच भाकरी पडते, तेव्हा समभावाचा दुसरा अर्थ काय उरतो?

याच सुमारास आपल्या विदर्भातही असेच एक घर उभे राहत होते. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. यवतमाळ जिल्ह्यातील कितीतरी शेतकऱ्यांची मुले त्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकली. सातारा आणि अमरावती यांच्यात मोठे अंतर, पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता आणि उत्तरही एकाच ठिकाणी, पंगतीत, सापडले.

लोहाऱ्यातील आपली घरे आता लहान झाली आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला, घरात आजी-आजोबा आणि दूरध्वनीची घंटा. जिथे अजून नातवंडांचा गलका आहे, तिथल्या सुनेला तो नकोसा होतो. जिथे तो संपला, तिथल्या आजीला त्यावाचून करमत नाही. पर्युषणात पारण्याच्या दिवशी सारे कुटुंब एकत्र जमते, चाळीस माणसांचा स्वयंपाक असतो, कुणी रुसते, कुणाचे बाळ रडते, कुणाला आधी वाढायचे यावरून गडबड उडते आणि त्या दिवशी घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते इतर दिवशी दिसत नाही. लक्ष्मीबाईंच्या घरी असे पारणे वर्षाचे सर्व दिवस चालले होते.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकची परीक्षाही पार न करू शकलेल्या या माणसाला डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, त्यांचे निधन झाले. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. त्या वेळी रयत शिक्षण संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ स्वयंसेवी शाळा, ६ अध्यापक विद्यालये, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये चालू होती. त्या ३८ वसतिगृहांत त्या दिवशीही सर्व जातींची मुले एकाच पंगतीला बसत होती.